इन्क्विझिशनचा खटला कसा वाचावा

स्पॅनिश थोडी हातात आली की माझ्या वर्गातलं कुणी ना कुणी इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मापासून ढळलेल्या ख्रिश्चनांची चौकशी करणाऱ्या कोर्टाच्या, कागदांबद्दल विचारतंच. सिनेमातली तळघरं आणि चिता डोक्यात असतात. कागद खरोखर आहेत, ढिगाने आहेत, आणि त्यातला बराचसा ढीग पुण्यात घरी बसून फुकट पाहता येतो. पण चिता शोधायला जाल तर हिरमोड होईल. मेक्सिकोच्या कोर्टाने जवळजवळ अडीचशे वर्षांत साधारण पन्नास माणसं जाळली. उरलेले हजारो कागद शेजारणींचे, सावकारांचे, मोलकरणींचे, टाकून दिलेल्या बायकांचे आहेत. शुक्रवारी कुणाच्या घरी धुतलेली चादर घातली गेली, कुणी मांसावरची चरबी काढून टाकली, चाबूक बसताना कोण काय ओरडलं, असल्या गोष्टींचे.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकुलता एक सल्ला: खटला निकालापासून वाचू नका, फिर्यादीपासून वाचा. कोण कुणाविरुद्ध बोललं, कधी बोललं आणि इतके दिवस गप्प का होतं, हे आधी लिहून काढा. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका कामासाठी.

कुठे शोधायचं

अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींत तीन कायमची कोर्टं होती. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या १५६९च्या हुकुमाने पेरूतल्या लिमाचं १५७० साली आणि मेक्सिकोचं १५७१ साली सुरू झालं. आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनाचं १६१० साली. मेक्सिकोचे कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, इन्क्विझिशनच्या विभागात पंधराशेच्या वर खंड. हे अभिलेखागार लेकुम्बेर्रीच्या जुन्या तुरुंगात आहे. १९०० पासून १९७६ पर्यंत तिथे कैदी होते, आता त्याच आवारात कैद्यांचे कागद आहेत. जागा निवडणाऱ्याच्या मनात काही नसेलही, पण फिट्टंफाट झाली खरी.

लिमा आणि कार्ताहेनाचं नशीब वेगळं. १८१३ साली इन्क्विझिशन रद्द झाल्याची बातमी लिमात आली तेव्हा लोकांनी कचेरीत घुसून कागदांची दाणादाण केली. त्यामुळे या दोन्ही कोर्टांचे मूळ खटले कमीच हाती लागतात. पण प्रत्येक कोर्टाला आपल्या खटल्यांचे गोषवारे माद्रिदच्या वरिष्ठ मंडळाकडे पाठवावे लागत. ते गोषवारे माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात शाबूत आहेत आणि 'पारेस' या सरकारी संकेतस्थळावर त्यांतले कितीतरी पान-न्-पान दिसतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. गोषवाऱ्यात एका माणसाचं प्रकरण एकदोन पानांत संपतं. साधारण चित्र कळतं, मग मूळ खटल्यात उतरायचं धाडस होतं.

शोधायला बसण्याआधी एक अट डोक्यात ठेवा, नाहीतर आठवडे वाया जातील. तुम्हाला नाहुआ (अझ्टेक ज्यांच्यातले ते लोक), माया किंवा अँडीजमधल्या मूळ रहिवाशांच्या छळाचा शोध घ्यायचा असेल तर १५७१ नंतरच्या इन्क्विझिशन विभागात तो जवळपास मिळणार नाही. त्याआधी बिशप, आणि बिशप नसेल तिथे मठवासी पाद्री, इन्क्विझिटरचं काम करत. मेक्सिकोच्या बिशप सुमार्रागाने तेस्कोकोच्या डॉन कार्लोस या मूळ रहिवासी सरदाराला ३० नोव्हेंबर १५३९ रोजी जाळलं. फिर्यादी कोण? नात्यातलाच एक तरुण. युकातानमध्ये मानी इथे १५६२ साली दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मायांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या, माणसांना टांगून कबुल्या घेतल्या. डॉन कार्लोसच्या प्रकरणावरून खुद्द स्पेनमधून सुमार्रागाची कानउघाडणी झाली, आणि कायमचं कोर्ट आलं तेव्हा मूळ रहिवाशांना त्याच्या कक्षेतून वगळण्यात आलं. म्हणजे सुटले असं नव्हे. त्यांच्यासाठी बिशपची वेगळी यंत्रणा होती. पेरूत १६०९ नंतर गावोगाव फिरून 'मूर्तिपूजा उपटून काढणारे' पाद्री हिंडत. त्यातल्या आर्रियागा नावाच्या जेझुइटने १६२१ साली या कामाचं चक्क मार्गदर्शक पुस्तक छापलं: गावात शिरल्यावर आधी कुणाला फोडायचं, काय विचारायचं, पूर्वजांच्या ममी कुठे लपवतात, मक्याची दारू कुणाकडे बनते. ही प्रकरणं लिमाच्या आर्चबिशपच्या अभिलेखागारात 'जादूटोणा आणि मूर्तिपूजा' या दप्तरात पाहायची.

आता 'गोव्याचं काय' हा प्रश्न येणारच, कारण मराठी माणसाला इन्क्विझिशन म्हटलं की गोवाच आठवतो. ते पोर्तुगीज कोर्ट, १५६० साली आलं, मध्ये १७७४ ते १७७८ बंद राहिलं आणि १८१२ साली कायमचं गेलं. त्याचे खटले बहुतेक नष्ट झाले. प्रकरणांच्या याद्या-नोंदी राहिल्या आणि लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार. गोव्यातल्या माणसाची जबानी पानभर सलग वाचायला मिळणं फार दुर्मीळ. मेक्सिकोच्या कागदांचं मोल इथे कळतं: चौकशीची रीत बरीचशी तीच, आणि मेक्सिकोत मात्र माणसाचं बोलणं सापडतं.

अक्षर

सोळाव्या शतकातलं कोर्टी वळण बघून पहिल्यांदा कुणालाही घाम फुटतो. कारकून लेखणी उचलतच नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाही, जिथे शब्द संपतो असं वाटतं तिथे तो चालूच असतो. ज्यांनी मोडी वाचलेली आहे ते यात लवकर रुळतात, कारण अक्षराऐवजी अख्ख्या शब्दाचा आकार ओळखायची सवय त्यांना असते. माझ्याकडे आलेल्यांत पेशवे दप्तर चाळलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी पदवीधर मुलांना सहज मागे टाकलं होतं.

पूर्ण शब्द क्वचितच लिहिलेले असतात. 'सांतो ओफिसियो' म्हणजे पवित्र कचेरी, इन्क्विझिशनचंच नाव, त्याची दोनतीन अक्षरं आणि वर एक छोटं शून्य. 'दिचो', म्हणजे 'सदरहू', ओळीओळीला येतो आणि दर वेळी तुटका. 'क्रिस्तोबाल' या नावाच्या सुरुवातीला ग्रीक अक्षरं असतात आणि नवखा माणूस अनुक्रमणिकेत भलत्याच अक्षराखाली ते शोधत बसतो. अशी शंभरेक रूपं एका वहीत उतरवून ठेवा, पानावर दिसतात तशीच, स्वतःच्या हाताने. छापील तक्ते मिळतात, पण हाताने काढलेलं डोळ्यांत बसतं.

सरावासाठी उत्तम प्रकरण म्हणजे धाकट्या लुईस दे कार्वाहालचं, मेक्सिकोत गुप्तपणे यहुदी धर्म पाळणारा तरुण, याच नावाच्या एका गव्हर्नरचा भाचा. त्याचे खटले मेक्सिकोच्या अभिलेखागाराने १९३५ साली छापून काढले आहेत. छापील मजकूर शेजारी ठेवायचा, तशाच काळातलं मूळ पान उघडायचं आणि ठरावीक वाक्यं ओळखत जायची. ठरावीक वाक्यं पुष्कळ आहेत, ही आपल्यावरची मोठी मेहेरबानी. कारकून तेच तेच लिहितो: 'मेक्सिको शहरात, अमुक दिवशी, इन्क्विझिटर साहेब सकाळच्या बैठकीत असता, त्यांनी गुप्त तुरुंगातून एका माणसाला आणण्याचा हुकूम केला.' हे एकदा ओळखता आलं की पान निम्मं वाचून झालं.

फिर्याद

इन्क्विझिशनचे हेर गल्लोगल्ली होते अशी समजूत आहे. मेक्सिकोच्या कोर्टाची हद्द आजच्या मेक्सिकोपासून मध्य अमेरिका आणि थेट फिलिपीन्सपर्यंत, आणि इन्क्विझिटर दोन, फार तर तीन. बंदरांत आणि मोठ्या गावांत एकेक प्रतिनिधी, त्यांच्या मदतीला मानाचं पद मिरवणारे काही गृहस्थ. एवढ्या माणसांत कुणावर नजर ठेवणार? नजर ठेवण्याचं काम लोकांनी केलं, आणि बरंचसं आपखुशीने केलं.

लोकांना ते शिकवलं जात होतं. ठरावीक काळाने चर्चमध्ये 'श्रद्धेचा जाहीरनामा' वाचून दाखवत. त्यात खुणांची यादी असे: शनिवारी कामाला हात न लावणं, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून स्वच्छ कपडे घालणं, डुक्कर न खाणं, मरणाऱ्याचं तोंड भिंतीकडे करणं. अशा खुणा ठाऊक असून गप्प राहील तो धर्माबाहेर. हा जाहीरनामा वाचल्यानंतरच्या दिवसांत फिर्यादी भराभर येतात. तारखा मांडल्या की लगेच दिसतं. आपल्याकडे गोव्यात १७३६ साली निघालेला हुकूम वाचलेला असेल तर ही यादीची पद्धत ओळखीची वाटेल. तिथे तुळस, धोतर, चोळी आणि लग्नातली गाणी होती.

गंमत अशी की ज्याला यहुदी रिवाज काहीच माहीत नव्हते त्यालाही जाहीरनाम्याने ते शिकवले. खुद्द गुप्तपणे यहुदी धर्म पाळणाऱ्या घरांतही, पुस्तकं आणि गुरुजी नसताना, कधीकधी या याद्यांवरूनच काय पाळायचं ते कळे. त्यामुळे साक्षीतली खूण जाहीरनाम्याशी शब्दशः जुळत असेल तर तिच्यावर कमी विश्वास ठेवा. न जुळणारा बारीकसारीक तपशील, कुठल्या भांड्यात, कुणाच्या आईने सांगितलेलं, तो जास्त खरा.

फिर्यादीच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं: हे मी सदसद्विवेकाचा भार उतरवण्यासाठी सांगतो, द्वेषाने नव्हे. ते वाक्य दिसलं की मी पेन्सिलने समासात प्रश्नचिन्ह करते. द्वेष नाही असं प्रत्येकाकडूनच लिहून घेत, तेव्हा त्या वाक्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. किंमत आहे ती आधीच्या तपशिलाला. तो सांगणारा राहतो कुठे? ऐकलं ते दारातून, खिडकीतून की कुणाच्या तोंडून? घटना केव्हाची? सातआठ वर्षांपूर्वीची गोष्ट आज आठवली असेल तर मधल्या काळात या दोघांत काय बिनसलं ते शोधा.

कार्वाहाल कुटुंबाचंच घ्या. मोठा लुईस दे कार्वाहाल हा नुएव्हो लेओन प्रांताचा गव्हर्नर. त्याने बहिणीचं कुटुंब स्पेनहून आणलं. १५८९ साली भाची इसाबेल, म्हणजे धाकट्या लुईसची बहीण, हिच्याविरुद्ध तक्रार गेली ती कॅप्टन फेलिपे नुन्येसकडून, गव्हर्नरच्याच पदरचा माणूस. तिने त्याला आपल्या गुप्त धर्माकडे वळवायचा प्रयत्न केला होता. एवढंच वाचाल तर गोष्ट श्रद्धेची वाटते. पण त्याच सुमारास गव्हर्नरचं व्हाइसरॉयशी प्रांताच्या हद्दीवरून जोरात वाजलेलं होतं आणि त्याला दुसऱ्या आरोपांखाली आधीच धरलेलं होतं. मग तक्रार याच वेळी का, हे आपोआप विचारावंसं वाटतं. भाचीविरुद्धची तक्रार खोटी होती असं नाही, कुटुंब यहुदी धर्म पाळत होतं हे खरंच. खरी गोष्टसुद्धा कुणाच्या तरी सोयीच्या वेळी बाहेर पडते.

मधली पानं

मधला क्रम ठरलेला असतो, तो भरभर सांगते. धर्मपंडित साक्षी तपासतात, फिस्काल म्हणजे कोर्टाचा वकील अटकेची मागणी करतो, अटक होते. पहिल्या बैठकीत कैद्याला आईवडील, आजीआजोबा, काका-मावश्या सगळ्यांची नावं विचारतात, कारण रक्तात यहुदी वा मूर म्हणजे मुसलमान चार पिढ्यांपूर्वी जरी असला तरी तो हवा असतो. मग प्रार्थना म्हणून दाखवायला लावतात, मग 'आयुष्याची हकिकत' सांगायला. ही हकिकत वगळू नका. सेव्हिलहून निघालेला शिंप्याचा मुलगा, दोन बायका दोन किनाऱ्यांवर, मध्ये खाणीतली नोकरी: असली आयुष्यं दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळत नाहीत. दोन लग्नांचे खटले याच कारणासाठी मला सगळ्यांत आवडतात.

त्यानंतरचा प्रश्न जिवावरचा: 'तुला का धरलं, ठाऊक आहे का?' आरोप सांगतच नाहीत. तीन वेळा बजावतात, आठव आणि कबूल कर. कैदी अंधारात चाचपडत नको ते सांगून बसतो. म्हणून कबुलीतला कुठला भाग प्रश्नाआधी आला आणि कुठला प्रश्नानंतर, हे दोन रंगांनी खूण करा. नुसतं 'होय, सदरहूप्रमाणे' असेल तर ते शब्द प्रश्न विचारणाऱ्याचे समजा.

वैऱ्यांची यादी

आता ज्या पानांसाठी मी हे सगळं वाचते ती. आरोपपत्रानंतर साक्षी कैद्याला ऐकवतात, पण साक्षीदाराचं नाव, जागा, तारीख सगळं गाळून. 'एका विशिष्ट व्यक्तीने असं असं पाहिलं.' कैद्याला एकच पळवाट असते. साक्ष देणारा आपला हाडवैरी आहे असं सिद्ध केलं तर त्या साक्षीचा जोर जातो. पण वैरी कोण ते नाव न कळता ओळखायचं! म्हणून कैदी बिचारा आयुष्यात ज्याच्याशी ज्याच्याशी फाटलं त्या सगळ्यांची नावं लिहून देतो, प्रत्येकाचं कारण आणि ते माहीत असलेले दोनतीन साक्षीदार यांच्यासकट.

ही यादी म्हणजे त्या शहराच्या पोटातलं सगळं. मोलकरणीला चोरीच्या संशयावरून काढलं. मेहुण्याने हुंडा पूर्ण मिळाला नाही म्हणून बोलणं टाकलं. घोड्याच्या सौद्यात फसवलं. मुलगी दिली नाही. चर्चच्या दारात सगळ्यांसमोर 'यहुदी कुत्रा' म्हणाला. पोर्तुगीज असल्यावरून टोमणे. १६४० साली पोर्तुगाल स्पेनपासून फुटल्यावर तर मेक्सिको आणि लिमात 'पोर्तुगीज' हा शब्द कानावर पडला की लोकांना यहुदीच ऐकू येई, आणि १६४२ साली मेक्सिकोत धरपकडीची मोठी लाट आली.

तुमच्या हातात मात्र कैद्याकडे नसलेली गोष्ट आहे. खटल्याच्या सुरुवातीच्या पानांत मूळ जबान्या पूर्ण नावांनिशी असतात. तेव्हा वहीत दोन रकाने आखा. डावीकडे खरे फिर्यादी आणि साक्षीदार. उजवीकडे कैद्याने संशय घेतलेले. मग नावं जुळवत जा. कधी बरोब्बर जुळतात, आणि तरीही कोर्ट म्हणतं की वैर पुरेसं 'प्राणांतिक' नव्हतं. पुष्कळदा जुळतच नाहीत. कैदी जुन्या भांडणांची, कोर्टकज्ज्यांची माणसं मोजत बसतो आणि डाव्या रकान्यात असते बायको, धाकटा भाऊ, शेजारच्या कोठडीतला सोबती. धाकट्या लुईसच्या दुसऱ्या खटल्यात, १५९५ साली, कोठडीतला सोबती लुईस दिआस नावाचा पाद्री होता. लुईसने त्याच्याजवळ मन मोकळं केलं. तो इन्क्विझिटरांचा माणूस होता.

या दोन रकान्यांसाठी हवा तेवढा वेळ द्या. बाकी कशातही कसर केलीत तरी चालेल.

यातनांचं पान

ते येईल. कारकून तिथेही लिहीतच असतो: दोरीचा कितवा पीळ, कैदी काय ओरडला, किती वेळा 'आई गं'. वाचवत नसेल तर बंद करा, परीक्षा नाही कुणाची. पण पुरावा म्हणून वापरायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. एक, २४ तास उलटल्यावर कैद्याकडून कबुली पुन्हा वदवून घेतली का. दोन, नावं कुठल्या क्रमाने आली. लुईसने १५९६ साली दोरीवर शंभराहून अधिक माणसांची नावं घेतली, त्यात आई आणि बहिणीही. त्याच लुईसने आधी तुरुंगातून फळांत लपवून, अॅव्होकॅडोच्या बीवर कोरून बहिणींना धीराचे निरोप पाठवले होते. ८ डिसेंबर १५९६ रोजी आई आणि तीन बहिणींसह त्याला मारलं, आधी गळा आवळून मग आग. लिमात मेन्सिया दे लूना ही बाई तर छळ चालू असतानाच मेली.

लुईसच्या स्वतःच्या हातची, तळहातावर मावेल एवढी आत्मकथा १९३२ साली अभिलेखागारातून चोरीला गेली आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात निघाली. पुढच्या वर्षी मेक्सिकोला परत आली. लिलावात 'जुनं स्पॅनिश हस्तलिखित' दिसलं की मी अजूनही मूळ कुठलं ते विचारते.

जप्ती

धार्मिक खटल्याला जोडलेला पंचनामा कंटाळवाणा म्हणून लोक उलटून टाकतात. असं करू नका. अटकेच्या क्षणी घरातल्या वस्तूंची यादी होते: पलंग, परकर, चांदीचे चमचे, उसनवारीच्या चिठ्ठ्या, गुलाम. कैद्याच्या जेवणाचा खर्च यातूनच वजा होतो. १६३५ साली लिमात पोर्तुगीज व्यापाऱ्यांना एकदम उचललं आणि त्याच वर्षी हुआन दे ला कुएवाची पेढी बुडाली. मग ज्याची ज्याची उधारी अडकली ते सगळे पैसे मागायला इन्क्विझिशनच्या दारात. कुणाचं कर्ज कुणाकडे होतं, हे या दाव्यांत दिसतं आणि फिर्यादीतली नावं निराळीच वाटू लागतात.

२३ जानेवारी १६३९ रोजी लिमात अकरा जण जाळले गेले. त्यातला सर्वांत श्रीमंत मानुएल बाउतिस्ता पेरेस. त्याच्यासाठी जीव हळहळतोच, पण त्याचे जप्त हिशेब उघडा: धंदा आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या विक्रीचा. स्वच्छ बळी शोधत बसलात तर हे कागद तुमच्याशी बोलायचे नाहीत. त्याच दिवशी जळालेला फ्रान्सिस्को मालदोनादो दे सिल्वा हा वैद्य मात्र बारा वर्षं कोठडीत राहून, कागदाचे चिटोरे चिकटवून, कोळशाची शाई आणि कोंबडीच्या हाडाची लेखणी करून पोथ्या लिहीत होता.

गुलामांची प्रकरणं आणि आपली माणसं

'देवनिंदा' या शीर्षकाखाली मेक्सिकोत आफ्रिकी गुलामांचे खटले सापडतील. कापडाच्या कारखान्यात किंवा साखरेच्या घाण्यावर चाबूक चालू असतो, दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला माणूस ओरडतो, 'देवाला आणि त्याच्या संतांना मी मानत नाही!' मालक थबकतो, कारण आता हे प्रकरण इन्क्विझिशनचं. पुढच्या जबानीत माणूस सांगतो: मार थांबावा म्हणून बोललो. कोर्ट त्याला फटके देऊन, तोंडात बोळा घालून मिरवून बहुधा मालकाकडेच परत पाठवतं, क्वचित दुसऱ्याला विकायला सांगतं. असे खटले एकेकटे वाचू नका, पाचदहा सलग वाचा. एका माणसाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या तोंडी कसं गेलं ते तेव्हाच कळतं.

हिंदुस्थानी माणसंही आहेत. मनिलाहून अकापुल्कोला जाणाऱ्या जहाजांतून आशियातले गुलाम मेक्सिकोत पोचत. गोवा, कोचीन, बंगाल कुठलेही असोत, कारकून सगळ्यांना 'चिनो' लिहितो. म्हणून शोधताना 'इंदियो' टाकू नका, तो अमेरिकेतला मूळ रहिवासी. 'चिनो' टाका आणि पुढे 'दे ला इंदिया दे पोर्तुगाल' आहे का बघा. मात्र अठराव्या शतकात 'चिनो' एका मिश्र जातीलाही म्हणू लागले, तेव्हा साल पाहिल्याशिवाय हुरळून जाऊ नका. या वाटेने गेलेली सर्वांत प्रसिद्ध बाई कातारीना दे सान हुआन. हिंदुस्थानातून पकडून नेलेली, कोचीनला बाप्तिस्मा, मनिलाला विक्री, आणि मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात १६८८ साली मेली ती लोकांची संत म्हणून. एका जेझुइटने तिचं तीन खंडांचं चरित्र छापलं. इन्क्विझिशनने आधी तिच्या चित्रांवर आणि मग चरित्रावर बंदी घातली. त्या बंदीचे कागद वाचताना ध्यानात घ्या की यात आरोपी कुणी नाही. बाई केव्हाच गेलेली, आणि धास्ती आहे ती देवघरात तिचं चित्र लावणाऱ्यांची.

निकाल, आणि नोंद

गुप्त धर्म पाळल्याचं कबूल करून माफी मागणाऱ्यांना निकालात मिळतो सानबेनितो, म्हणजे कलंकाचा पिवळा झगा, आणि ठरावीक वर्षं तो वापरायची शिक्षा. झगा उतरल्यावरही नावासकट चर्चमध्ये टांगलेला राही. मुलानातवंडांना रेशीम, सोनं, घोडा, शस्त्र बंद. एखादा नातू रेशमी बाह्या घालून फिरतो म्हणून शेजारी पुन्हा तक्रार करतात, आणि नवी फाइल उघडते. आडनाव ओळखीचं वाटलं तर तीसचाळीस वर्षं पुढे जाऊन तेच आडनाव शोधा.

कितीतरी खटल्यांना निकालच नसतो. साक्षी आहेत, अटकेची मागणी आहे आणि पुढे कोरं. कैदी पळाला, मेला, किंवा तक्रार इतकी फुसकी होती की इन्क्विझिटरांनीच बासनात टाकली. ही अर्धवट प्रकरणं सोडू नका, लोक काय काय तक्रार करत ते यांतच जास्त दिसतं. मेक्सिकोत १६२० साली पेयोते या गुंगीच्या वनस्पतीवर बंदी आल्यावर हरवलेलं गाढव शोधायला ती खाल्ली, अशा तक्रारींचा पाऊस पडला; त्यातल्या बहुतेकींचं पुढे काही झालं नाही.

टिपणं काढताना खंड, प्रकरण आणि पान तिन्हींचे क्रमांक लिहा, पानाची पुढची बाजू की मागची तेही. पानांवर अनेकदा दोन क्रमांक असतात, एक जुना खोडलेला आणि एक नवा. दोन्ही उतरवून घ्या. जुन्या अभ्यासकांनी खोडलेला दिलेला असतो, संगणकावर नवा असतो, आणि एकच टिपलात तर तेच पान दुसऱ्यांदा शोधताना अख्खा खंड उलटावा लागतो.